ऑफ सीझनला थायलंडच्या किनाऱ्यावर जाताय? बारमध्ये बसण्यापूर्वी एवढं पाहून घ्या

मे महिन्याची सुट्टी जवळ आली किंवा गणपतीनंतरची स्वस्त पॅकेजं दिसू लागली की वाचकांचे ठरावीक प्रश्न सुरू होतात. ‘ऑफ सीझनमध्ये पटाया-फुकेतचे बार चालू असतात का?’ ‘हॉटेल निम्म्या भावात मिळतंय, मग बिअरही स्वस्त असेल ना?’ ‘गर्दी नाही म्हणजे आपल्यालाच निवांत, बरोबर ना?’ विचारणाऱ्यांत मित्रांचे ग्रुप असतात, मुलांना आजीकडे ठेवून निघालेली जोडपी असतात आणि मैत्रिणी-मैत्रिणीही असतात.

थोडक्यात उत्तर असं: बार चालू असतात, पण सगळे नाहीत आणि सगळीकडे नाहीत. खोली स्वस्त होते, बिअर फारशी होत नाही. गर्दी नसते हे खरं, पण रिकाम्या बारमध्ये बसताना जरा जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात.

असं का, ते एकदा समजून घ्या. हॉटेलची आजची खोली रिकामी गेली तर तिचं आजचं उत्पन्न बुडालं, म्हणून हॉटेलवाला भाव पाडतो. बारवाल्याचं तसं नसतं. जागेचं भाडं बारा महिन्यांचं ठरलेलं, परवाना, वीज, बर्फ, माणसांचे पगार चालूच, आणि बिअरची बाटली त्याला डिसेंबरात ज्या भावात पडते त्याच भावात सप्टेंबरातही. त्यामुळे त्याच्यापुढे तीनच वाटा उरतात. नोव्हेंबरपर्यंत कुलूप लावायचं, माणसं आणि तास कमी करायचे, किंवा येणाऱ्या मोजक्या गिऱ्हाइकांकडून जास्त काढायचं. समोरच्या बारनं यातली कोणती वाट धरली आहे, त्यावर तुमची संध्याकाळ ठरते.

आधी महिना, मग किनारा

‘थायलंडचा पावसाळा’ म्हणून एकच पावसाळा नाही, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. देशाला दोन समुद्रकिनारे आहेत आणि दोन्हीकडचं वेळापत्रक वेगळं आहे.

- अंदमान समुद्राची बाजू (फुकेत, क्राबी, आओ नांग, खाओ लाक, फी फी, को लांता): मे ते ऑक्टोबर पाऊस. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओला. आपल्या कोकणावर येतो तोच नैर्ऋत्य मोसमी वारा इथेही येतो.
- थायलंडच्या आखाताची दक्षिण बाजू (को समुई, को फांगान, को ताओ): इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबरात कळस. जुलै-ऑगस्टमध्ये हवा बरी असते आणि युरोपातल्या सुट्ट्यांमुळे गर्दीही असते.
- पटाया, जोमतियन, हुआ हिन: सप्टेंबर-ऑक्टोबरात जोरदार सरी. बँकॉक गाडीने दोन-तीन तासांवर असल्यामुळे शनिवार-रविवारी मात्र थाई कुटुंबांनी भरून जातात.
- को चांग: पावसाळ्यात फार ओलं, बरंच काही बंद.

म्हणून मुलांच्या जुलै-ऑगस्टमधल्या सलग सुट्ट्या साधून जाणार असाल आणि संध्याकाळी जिवंत किनारा हवा असेल, तर समुई बघा. गणपतीनंतर किंवा नवरात्राच्या आसपास जायचं तर पटाया किंवा फुकेतमधलं पाटोंग, कारण पाऊस असला तरी तिथले बार चालू असतात. दिवाळीनंतर जाणार असाल तर फुकेत-क्राबी चांगलं, पण त्याच वेळी समुईला जाऊ नका. ‘दिवाळीत सीझन सुरू होतो’ हे ऐकून समुईचं तिकीट काढलेली आणि आठवडाभर खोलीच्या खिडकीतून पाऊस पाहत बसलेली दोन कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत.

कोणत्या गावात काय चालू असतं

पाटोंगचा बांगला रोड, पटायाचा वॉकिंग स्ट्रीट आणि सोई बुआखाओ, समुईचं चावेंग ही ठिकाणं वर्षभर चालू असतात. पावसाळ्यात तिथले सगळे बार बंद नसतात, पण एका रांगेत दहापैकी काहींची शटरं खाली दिसतील, काहींवर ‘नूतनीकरण चालू’ अशी पाटी असेल. त्यातली काही नूतनीकरणं मालक बदलल्यावरच संपतात.

छोट्या बेटांवर चित्र पार वेगळं असतं. को लांतावर वाळूतले बांबूचे बार पावसाळ्यात आवरून ठेवलेले असतात. गोव्यात मे संपताना शॅक उतरवतात, ते तुम्ही पाहिलं असेल तर हे लगेच लक्षात येईल. खाओ लाकचं कारण आणखी वेगळं आहे. हे गाव सिमिलान बेटांवर जाणाऱ्यांच्या जिवावर चालतं, आणि सिमिलान राष्ट्रीय उद्यान दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. बोटी थांबल्या की डायव्हिंगवाले जातात आणि त्यांच्यामागोमाग बारचे दिवे जातात. फी फीजवळची माया बे दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर बंद असते, तेव्हा तिथली गर्दीही पातळ होते.

पटायातल्या पावसाची एक सूचना: सोई बुआखाओसारखे सखल रस्ते मोठ्या सरीनंतर गुडघाभर पाण्यात जातात. पाणी ओसरायला तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ असाल तिथेच बसा. अंधारात त्या पाण्यातून चालत जाण्यात उघड्या गटारांचा धोका आहे.

सणवार पाहूनच बुकिंग करा

ऑफ सीझन आणि बौद्ध वर्षावास एकाच वेळी येतात. थाई भाषेत त्याला ‘फान्सा’ म्हणतात. मूळ शब्द आपला ‘वर्षा’च, आणि कल्पनाही चातुर्मासासारखीच. भिक्षू तीन महिने एकाच विहारात राहतात. पुष्कळ थाई माणसं या काळात दारू सोडतात, त्यामुळे पर्यटक कमी असतानाच स्थानिक गिऱ्हाईकही कमी होतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं असं की काही बौद्ध सणांना दारूविक्रीवर बंदी असते. २०२५ साली हॉटेलं, आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि परवानाधारक मनोरंजनस्थळांना त्यातून सूट मिळाली, पण साधे बार आणि दुकानं अनेकदा बंदच दिसतात. तारखा लक्षात ठेवण्याची सोपी खूण आपल्या कॅलेंडरातच आहे. वैशाखी पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा, आषाढी पौर्णिमा म्हणजे गुरुपौर्णिमा आणि तिचा दुसरा दिवस, आणि आश्विनातली कोजागिरी. बहुतेक वर्षी हे दिवस जुळतात, अधिक मासाच्या वर्षी मात्र थाई कॅलेंडर वेगळं पाहा. को फांगानच्या हाद रिनची फुल मून पार्टी याच सणांमुळे कधी कधी एखाद्या दिवसानं पुढेमागे होते. बोटीचं आणि खोलीचं बुकिंग करण्याआधी त्या महिन्याची तारीख विचारून घ्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फुकेतला शाकाहारी उत्सव असतो, नऊ दिवसांचा, आणि पुष्कळ वर्षी आपल्या नवरात्राबरोबरच येतो. उत्सव पाळणारे मांस आणि दारू दोन्ही वर्ज्य करतात. फुकेत टाउनमध्ये पिवळे झेंडे लावलेल्या गाड्यांवर त्या दिवसांत जे खायला मिळतं, ते शाकाहारी वाचकांनी मुद्दाम जाऊन खावं. थायलंडमध्ये एरवी ‘व्हेज’ सांगूनही फिश सॉस येतो, इथे तो प्रश्नच नसतो. कांदा-लसूणही नसतो.

वेळेचे आणि वयाचे नियम

- दारू पिण्याचं किमान वय २० वर्षं. मुलगा अठराचा असेल तर ‘गोव्यात चालतं’ हा मुद्दा इथे चालणार नाही.
- फुकेत, पटाया ज्या चोनबुरी प्रांतात आहे तो प्रांत, आणि को समुई इथल्या परवानाधारक मनोरंजनस्थळांना डिसेंबर २०२३ पासून पहाटे ४ पर्यंत परवानगी आहे. पण मंदीत परवान्याची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक पडतो. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की बार बंद.
- दुपारी २ ते ५ दारूविक्री बंद, हा अनेक दशकांचा नियम २०२५ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर शिथिल झाला. तुम्ही जाल तेव्हा काय चालू आहे, ते हॉटेलच्या काउंटरवर विचारा. नव्या तरतुदींनुसार वेळेबाहेर पिणाऱ्या ग्राहकालाही दंड होऊ शकतो.
- व्हेप थायलंडमध्ये बेकायदा आहे, सोबत नेऊच नका. पाटोंगसह अनेक किनाऱ्यांवर वाळूत सिगारेट ओढायला बंदी आहे.

बार कसा निवडायचा

एकदा सप्टेंबरात फुकेतच्या काता गावात एका छोट्या बारमध्ये बसले होते. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आत सात स्टुलं, त्यातलं एक माझं. काउंटरमागची बाई फडक्यानं पुन्हा पुन्हा तेच ग्लास पुसत होती. मी वाइन मागितली तेव्हा तिनं बाटली उचलून उजेडात धरली, झाकण काढून वास घेतला आणि मान हलवली. ‘टू वीक,’ म्हणाली, ‘नो गुड. बिअर बेटर.’ तिनं त्या दिवशी विक्री सोडली, पण मी पुढचे चारही दिवस तिथेच गेले. ऑफ सीझनमध्ये असाच बार शोधायचा असतो.

तिनं सांगितलं ते तुम्हीही पाळा. मंदीत माल फिरत नाही. उघडी वाइन, ड्राफ्ट बिअर, कॉकटेलमधले रस आणि क्रीम, काचेच्या पेटीतली मासळी, हे सगळं गर्दीच्या ठिकाणीच घ्या. रिकाम्या बारमध्ये सीलबंद बाटली मागवा आणि ती समोर उघडायला सांगा. ‘बकेट’ नावाचं प्लास्टिकच्या बादलीतलं मिश्रण आणि ‘यादोंग’ ही गावठी औषधी दारू टाळाच. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकॉकमध्ये मिथेनॉल मिसळलेली यादोंग पिऊन माणसं दगावली आहेत.

आणखी काही खुणा:

- बारच्या फेसबुक पानावर शेवटचं काही कधी टाकलंय ते बघा. तीन महिन्यांपूर्वीचं असेल तर बार बंद असण्याचीच शक्यता जास्त.
- तिथे राहणारे परदेशी, पूल खेळणारे नेहमीचे लोक बसलेले दिसले तर भाव आणि वागणूक सरळ असण्याची शक्यता बरीच वाढते. मंदीत बार जगवतात ती हीच माणसं.
- मेन्यूवर छापील भाव आहेत का? नसतील तर पुढे चला.
- पाऊस-वाऱ्यात कोणी हाताला धरून ‘फ्री शो’ म्हणत वरच्या मजल्यावर नेऊ लागलं, तर जाऊ नका. वर एका पेयाचं हजारोंचं बिल हाती पडतं आणि दारात माणसं उभी असतात.
- संध्याकाळी उघड्या बारमध्ये बसणार असाल तर हातापायांना डास-प्रतिबंधक क्रीम लावा. पावसाळ्यात डेंग्यू असतो.

महिला वाचकांसाठी: पटाया किंवा पाटोंगच्या बीअर बारमध्ये बाईनं बसणं तिथे कोणाला खटकत नाही, आणि कुटुंबं बसलेलीही दिसतात. गल्लीच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड असलेला बार निवडा आणि ग्लास सोडून उठू नका.

भाव आणि बिल

एक बाट म्हणजे साधारण अडीच ते तीन रुपये, असा हिशेब डोक्यात ठेवा. खरी सवलत मिळते ती ‘हॅपी अवर’मध्ये, आणि मंदीत हा ‘अवर’ दुपारपासून रात्री आठ-नऊपर्यंत ताणलेला असतो. म्हणून लवकर बसा. त्यानंतरच्या भावात घासाघीस करू नका. जेमतेम चाललेल्या बारमध्ये एका बिअरवर वीस बाट सोडवून तुमचे पन्नास-साठ रुपये वाचतात, त्यांचा मात्र त्या बाटलीवरचा नफाच जातो.

बीअर बारमध्ये प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी तुमच्यापुढच्या छोट्या पेल्यात किंवा बांबूच्या नळकांड्यात खोचतात. ही पद्धत तुमच्या सोयीची आहे, तिचा उपयोग करा:

1. प्रत्येक पेयानंतर चिठ्ठी आली का आणि आकडा बरोबर आहे का, ते तेव्हाच बघा. रात्री शेवटी अकरा चिठ्ठ्यांवर वाद घालता येत नाही.
2. उठताना ‘चेक बिन’ म्हणा. बिल आल्यावर चिठ्ठ्या स्वतः मोजा.
3. मेन्यूवर भावापुढे ‘++’ असेल तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि ७ टक्के व्हॅट लागणार.
4. रोख पैसे द्या, सुटे ठेवा. कार्डावर बऱ्याच ठिकाणी तीन टक्क्यांच्या आसपास जादा लावतात.
5. काउंटरवर टांगलेली घंटा वाजवू नका. घंटा वाजवली म्हणजे बारमधल्या सगळ्यांना तुमच्याकडून एकेक पेय. आपले तरुण ग्रुप फोटोसाठी दोरी ओढतात आणि मग भांडण होतं.

पटायात एका बारमध्ये आमच्या पेल्यात दोन चिठ्ठ्या शेजारच्या टेबलाच्या निघाल्या. आवाज न चढवता दोन्ही बाजूला काढून ठेवल्या, ‘नॉट माइन’ म्हटलं, आणि प्रकरण तिथेच मिटलं. आवाज चढवला असता तर मिटलं नसतं. थायलंडमध्ये चारचौघांत ओरडणं हा मोठा अपमान समजतात आणि ओरडणाऱ्याची बाजू तिथेच पडते.

काउंटरपलीकडची माणसं

याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडच्या ग्रुपबद्दल तिथे जे कानावर येतं त्यानं वाईट वाटतं.

२०२४ साली वीस लाखांहून जास्त भारतीय थायलंडला गेले. युरोपातला पर्यटक नोव्हेंबर ते मार्च येतो, आपण मात्र मेच्या सुट्टीत आणि पावसाळ्यातही जातो. म्हणजे ज्या महिन्यांत पटायाच्या बारमध्ये स्टुलं रिकामी असतात, त्या महिन्यांत तिथे बसणारा माणूस पुष्कळदा भारतीय असतो. त्या बारचा महिना बऱ्याच अंशी आपल्या हाती असतो.

या बारमध्ये काम करणाऱ्या अनेक जणी इसानमधून, म्हणजे थायलंडच्या ईशान्येकडच्या भातशेतीच्या भागातून येतात. मंदी सुरू झाली की काही जणी लावणीसाठी गावी जातात. ज्या राहतात त्यांचा मूळ पगार थोडा असतो, त्यात पेयांवरचं कमिशन आणि टिप मिळून महिना निघतो. गिऱ्हाईकच नसलं की हे दोन्ही जातं, आणि पुष्कळदा कामाचे दिवसही कमी केले जातात. गावी मूल आणि आई-वडील असतात, त्यांना पाठवायचे पैसे कमी होत नाहीत.

‘लेडी ड्रिंक’ हा प्रकार त्यामुळेच मंदीत जास्त पुढे येतो. तुमच्याशी गप्पा मारणारी मुलगी ‘माझ्यासाठी एक पेय घ्याल का?’ असं विचारते. त्याचा भाव दीडशे ते तीनशे बाटच्या घरात असतो आणि त्यातला वाटा तिला मिळतो. घेणं बंधनकारक नाही. नको असेल तर हसून, हात जोडून ‘नो, थँक यू’ म्हणा. घ्यायचं असेल तर आधी भाव विचारा. तासभर गप्पा मारून, चौघांत एक बिअर वाटून, शेवटी तिची चेष्टा करून उठू नका. परवानगीशिवाय फोटो किंवा व्हिडिओ काढू नका, अंगाला हात लावू नका. जी बाई तुम्हाला ग्लास आणून देते तिला त्याच वागणुकीचा हक्क आहे, जी तुम्ही आपल्या गावातल्या खानावळीतल्या ताईंना देता.

टिप द्यायची असेल तर बिलाच्या थाळीत ठेवण्यापेक्षा त्या व्यक्तीच्या हातात द्या. मंदीत दिलेले पन्नास बाट तिच्या लक्षात राहतात.

बारमधून परतताना

ऑफ सीझनचा खरा धोका समुद्र आहे. पावसाळ्यात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर खालून ओढणारे प्रवाह असतात आणि दरवर्षी पर्यटक बुडतात. लाल बावटा दिसला की पाण्यात पाऊल नाही, आणि दोन बिअर झाल्यावर बावटा नसला तरी नाही. रात्री जीवरक्षक नसतात.

भाड्याची स्कूटर घेऊन बारला जाऊ नका. रक्तात मद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे, ओल्या उतारांवर अपघात होतात, आणि पिऊन चालवलं असेल तर प्रवास विमा सहसा पैसे देत नाही. ग्रॅब किंवा बोल्ट मागवा. रात्री उशिरा गाड्या कमी असतात, तेव्हा उठायच्या आधी वीस मिनिटं बुकिंग करा.

बेटावरून विमान गाठायचं असेल तर पावसाळ्यात एक दिवस हाताशी ठेवा. वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात. तसं झालं तर परतावा किंवा पुढची बोट मिळेल का, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या.

वाद झालाच तर

- पर्यटक पोलीस: ११५५. इंग्रजीत बोलतात, चोवीस तास. पोलीस १९१, रुग्णवाहिका १६६९.
- बिल मान्य नसेल तर चिठ्ठ्या आणि मेन्यू यांचा फोटो काढा आणि ११५५ ला फोन लावतो असं शांतपणे सांगा. बरीच प्रकरणं एवढ्यावर मिटतात.
- पासपोर्ट कोणाकडेही तारण ठेवू नका. बारमध्ये पासपोर्टची प्रत बाळगा, मूळ हॉटेलच्या तिजोरीत.
- थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र सरकारी संकेतस्थळावर भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

आणि कोणी बारच विकायला काढला तर

सप्टेंबरात बसल्या बसल्या ‘हा बार घेता का, स्वस्तात देतो’ अशी विचारणा होते. अलीकडे आपल्याकडचे काही वाचकही याबद्दल विचारतात. दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यानुसार अशा व्यवसायात परदेशी माणसाचा हिस्सा साधारणपणे ५० टक्क्यांच्या आतच राहतो, आणि नावापुरते थाई भागीदार दाखवणं हा गुन्हा आहे. काम करण्यासाठी वर्क परमिट लागतं. मित्राच्या बारमध्ये काउंटरमागे उभं राहून ग्लास भरणंही काम धरलं जातं. तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेकरार भूमी कार्यालयात नोंदवलेला नसेल तर तीन वर्षांपुढे तो उपयोगाचा नाही. विकणाऱ्यानं दाखवलेली कमाई जवळजवळ नेहमी जानेवारीची असते, तेव्हा मे ते ऑक्टोबरच्या सहा महिन्यांचा हिशेब वेगळा मागा, आणि थाई भाषेतला करार स्वतःच्या वकिलाकडून भाषांतर करून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.